दोन वर्षे शिकतात तरी काय? – संगणकशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास आणि व्यापारी कुटुंब

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या व्यापारी घराण्यांतील अनेक मुलामुलींनी संगणक अभियांत्रिकीची वाट धरली. पदवी हाती येईपर्यंत त्याविषयी घरात फारसा वाद होत नाही. वाद सुरू होतो तो त्यानंतर. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला अजून दोन वर्षे एम.टेक. करायचे आहे." वडील म्हणतात, "चार वर्षांत प्रोग्राम लिहायला आलेच ना? नोकरी समोर आहे, नाही तर पेढी आहे. आणखी दोन वर्षे शिकायचे तरी काय?" अलीकडे त्यात काकांची भर पडते, "आता तर प्रोग्राम यंत्रच लिहून देते म्हणे!"

बँकेतून निवृत्त झाल्यावर शैक्षणिक कर्जाविषयी विचारण्यास येणाऱ्या कुटुंबांच्या अशा चर्चांत मला अनेकदा बसावे लागते. मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु ज्या शिक्षणासाठी आपण लाखो रुपये आणि मुलांच्या उमेदीची दोन वर्षे घालण्याचा विचार करतो, त्यात काय आहे हे न जाणता 'हो' किंवा 'नको' म्हणणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून एनपीटीईएलवर विनामूल्य उपलब्ध असलेली प्राध्यापकांची व्याख्याने मी ऐकली आणि पाठ्यपुस्तकांतील झेपतील ती प्रकरणे वाचली. त्यातून उमगले ते असे की, या अभ्यासाचा गाभा संगणकाची एखादी नवी भाषा हा नाही. काम हाती घेण्यापूर्वी त्याच्या रीतीचा खर्च मोजणे आणि ती रीत बिनचूक आहे हे सिद्ध करणे, ही तेथील खरी विद्या. व्यापारी कुटुंबाला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

माहिती ठेवावी कशी?

या अभ्यासाचा पहिला विषय 'डेटा स्ट्रक्चर', म्हणजे माहितीची मांडणी. आपल्या जुन्या पेढीवर दोन वह्या असत. रोजमेळात व्यवहार घडेल त्या क्रमाने लिहिला जाई आणि खतावणीत तोच व्यवहार आसामीच्या नावे मांडला जाई. एकच माहिती दोनदा लिहिण्याचे कष्ट का घ्यावयाचे? कारण प्रश्न दोन प्रकारचे येतात. 'काल काय घडले?' याचे उत्तर रोजमेळ देतो. 'अमक्याकडे येणे किती?' याचे उत्तर खतावणी देते. खतावणी नसेल तर एका आसामीची बाकी काढण्यासाठी वर्षाचा रोजमेळ उलटावा लागेल. कोणता प्रश्न वारंवार येणार आहे हे ओळखून माहितीची मांडणी ठरवावी, हेच डेटा स्ट्रक्चरचे मूळ तत्त्व आहे.

संगणकात अशा मांडण्या अनेक आहेत. नावे क्रमाने लावलेली असतील तर मधले नाव उघडावे, हवे ते नाव त्याच्या आधी की नंतर हे पाहावे आणि अर्धी यादी सोडून द्यावी. असे करीत गेल्यास दहा लाख नावांतून एक नाव सुमारे २० तुलनांत सापडते आणि शंभर कोटींतून ३० तुलनांत. यादी हजारपट वाढली, काम मात्र दहा पायऱ्यांनीच वाढले. दुसरी मांडणी झाडासारखी असते. १९७० च्या सुमारास बोइंग कंपनीत काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी 'बी-ट्री' ही मांडणी शोधली. तिच्या प्रत्येक फाट्याला शेकडो फांद्या फुटत असल्यामुळे कोट्यवधी खात्यांतून आपले खाते तीन-चार पायऱ्यांत गाठता येते. आजच्या बहुतेक डेटाबेसमध्ये हीच मांडणी किंवा तिचा एखादा अवतार आढळतो.

पदवीच्या वर्गात विद्यार्थी या मांडण्या वापरावयास शिकतो. पदव्युत्तर वर्गात त्याला पुढचे प्रश्न विचारले जातात. रोज हजारो नोंदी वाढत व गळत असतील, तर हे झाड एका बाजूला कलणार नाही हे कशावरून? माहिती एका यंत्रात न मावता शंभर यंत्रांत विखुरलेली असेल, तर कोणती मांडणी टिकेल? उत्तर नुसते सांगून भागत नाही, सिद्ध करावे लागते.

कामाची रीत आणि तिचा खर्च

दुसरा विषय 'अल्गोरिदम', म्हणजे काम पुरे करण्याची पायरी-पायरीने सांगितलेली निश्चित रीत. नवव्या शतकात बगदाद येथे होऊन गेलेले गणिती अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून हा शब्द आला. एकाच कामाच्या अनेक रीती असतात आणि त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

दहा लाख पावत्या तारखेनुसार लावावयाच्या आहेत असे समजा. प्रत्येक पावती प्रत्येक पावतीशी ताडून पाहिली, तर सुमारे ५० हजार कोटी तुलना होतील. त्याऐवजी गठ्ठ्याचे दोन भाग करावेत, पुन्हा त्यांचे दोन असे करीत जावे आणि लावलेले छोटे गठ्ठे जोडीजोडीने मिसळीत यावे, म्हणजे सुमारे २ कोटी तुलनांत काम संपते. ही दुसरी रीत जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली संगणकासाठी मांडली. सेकंदाला १० कोटी तुलना करणारे यंत्र असेल, तर पहिल्या रीतीला ८० मिनिटांहून अधिक वेळ लागेल आणि दुसरीला सेकंदाचा पाचवा हिस्सा.

याचा प्रत्यय मला बँकेच्या शाखेत आला होता. १९८३ साली रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनंतर शाखाशाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे आणि पुढे संगणक येऊ लागले. आमच्या शाखेत दिवसाअखेरचा मेळ घेणारा प्रोग्राम रात्री उशिरापर्यंत चाले. हजारभर व्हाउचर आणि सुमारे वीस हजार खाती. तो प्रोग्राम प्रत्येक व्हाउचरसाठी खात्यांची यादी पहिल्यापासून तपासत असे, म्हणजे सरासरीने एकंदर एक कोटी वेळा नोंद वाचत असे. एकदा एक तरुण अभियंता आला. त्याने आधी व्हाउचर खाते क्रमांकाने लावून घेतले आणि मग दोन्ही याद्या शेजारी-शेजारी ठेवून एकदाच वरून खाली वाचल्या. एक कोटीच्या जागी सुमारे एकवीस हजार नोंदी झाल्या. यंत्र तेच होते, पण मेळ आता चहा संपेपर्यंत हाती येऊ लागला. 'नवे यंत्र मागवा' असा आमचा आग्रह चालू होता, तो त्या दिवशी मिटला.

साठ बिलांचा प्रश्न

आता प्रत्येक व्यापाऱ्याच्या परिचयाचा एक प्रश्न घेऊ. एखाद्या पार्टीकडे ६० बिले येणे आहेत. तिने खात्यात एक ठोक रक्कम भरली, पण ती कोणत्या बिलांपोटी हे कळविले नाही. कोणत्या बिलांची बेरीज नेमकी तेवढी होते, हे शोधावयाचे आहे.

सरळ रीत म्हणजे बिलांचे सर्व संच करून पाहणे. प्रत्येक बिल घ्यावयाचे किंवा सोडावयाचे, म्हणून दर बिलामागे संचांची संख्या दुप्पट होते. १० बिलांचे १,०२४ संच होतात, तर ३० बिलांचे सुमारे १०७ कोटी. सेकंदाला १०० कोटी संच तपासणाऱ्या यंत्राला ३० बिलांसाठी एक सेकंद, ४० बिलांसाठी सुमारे १८ मिनिटे आणि ६० बिलांसाठी ३६ वर्षे लागतील. एकसष्टावे बिल आले की ती ७२ वर्षे होतील. चक्रवाढ व्याज ज्यांनी कर्जाच्या बाजूने अनुभवले आहे, त्यांना ही वाढ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

येथे उपयोगी पडणारी एक युक्ती शिकविताना प्राध्यापक जे पहिले उदाहरण देतात, त्यामागे आपल्याला अभिमान वाटावा असा इतिहास आहे. बाराव्या शतकात गुजरातमध्ये कलिकालसर्वज्ञ आचार्य हेमचंद्र यांनी छंदशास्त्राचा विचार करताना एक प्रश्न सोडविला. लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरु अक्षराच्या दोन. तर ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारांनी रचता येईल? ओळीचे शेवटचे अक्षर लघु असेल तर मागे एक मात्रा कमी उरते, गुरु असेल तर दोन कमी. म्हणून प्रत्येक उत्तर ही मागील दोन उत्तरांची बेरीज असते : १, २, ३, ५, ८, १३, २१... विरहांक यांना ही रीत त्याही आधी काही शतके ठाऊक होती. युरोपात फिबोनाची यांच्या नावाने प्रसिद्ध झालेली हीच संख्यामाला त्यांच्या १२०२ सालच्या ग्रंथात आली. डोनाल्ड नुथ यांनी आपल्या अल्गोरिदमविषयक ग्रंथात भारतीय छंदशास्त्रकारांच्या या अग्रक्रमाची नोंद केलेली आहे.

यातील युक्ती अशी की, काढलेले उत्तर लिहून ठेवावे आणि पुन्हा लागेल तेव्हा ते वाचून घ्यावे. चाळीस मात्रांचे उत्तर दरवेळी मुळापासून काढू लागल्यास संगणकाला तीच ती बेरीज कोट्यवधी वेळा करावी लागते. मागील उत्तरे लिहून ठेवली तर ३८ बेरजांत काम होते. या पद्धतीला 'डायनॅमिक प्रोग्रॅमिंग' म्हणतात. हे नाव १९५० च्या दशकात रिचर्ड बेलमन यांनी दिले.

हीच युक्ती आपल्या बिलांना लावू. ठोक रक्कम ५ लाख रुपये आहे आणि सर्व बिले पूर्ण रुपयांत आहेत असे धरू. एक तक्ता आखावा : ओळींत एकेक बिल, स्तंभांत १ ते ५ लाखांपर्यंतची प्रत्येक रक्कम. 'इथवरच्या बिलांतून ही रक्कम जमते का?' याचे उत्तर वरच्या ओळीतील केवळ दोन घरे पाहून लिहिता येते. एक घर हे बिल सोडले तर, दुसरे घेतले तर. ६० ओळी आणि ५ लाख स्तंभ मिळून ३ कोटी घरे होतात. ३६ वर्षांचे काम एका सेकंदाच्या आत आले.

पण पदव्युत्तर वर्ग येथे थांबत नाही. या रीतीची मर्यादा कोठे आहे, हेही तेथे विचारले जाते. बिले पैशांपर्यंत असतील तर स्तंभ शंभरपट होतात. रकमेत एक अंक वाढला की तक्ता दसपट होतो. कितीही मोठ्या रकमांसाठी हमखास वेगाने चालणारी रीत अद्याप कोणालाही सापडलेली नाही. रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली अशा २१ कठीण प्रश्नांची यादी दिली, तीत हाही प्रश्न आहे. त्यांपैकी एकाला जरी अशी रीत सापडली, तरी सर्वांना ती सापडेल, इतके ते एकमेकांत गुंतलेले आहेत. तशी रीत आहे की नाही याचा निर्णायक पुरावा देणाऱ्यास दहा लाख डॉलर देण्याचे अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने २००० साली जाहीर केले. ते बक्षीस आजही तसेच आहे.

अशा मूलभूत प्रश्नांत भारतीय विद्यार्थ्यांनी भर घातली आहे, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे आणि वाजवी वेळेत ठरविणारी रीत २००२ साली आयआयटी कानपूरचे प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी शोधली. ते दोघे विद्यार्थी तेव्हा नुकतेच बी.टेक. झालेले होते.

बदलणारे ते वेगळे ठेवावे

तिसरा विषय सॉफ्टवेअरच्या रचनेचा. एका कारागिराचे घड्याळ आणि पाचशे कामगारांचा कारखाना यांत जो फरक, तोच लहान प्रोग्राम आणि मोठी प्रणाली यांत. मोठी प्रणाली शेकडो माणसे लिहितात आणि वर्षानुवर्षे दुरुस्त करतात. तिचे भाग कसे पाडावेत? डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली मांडलेले तत्त्व आजही शिकविले जाते : जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, तो एकाच कप्प्यात बंद करून ठेवावा. इतर भागांना त्या कप्प्याच्या आतले काही ठाऊक असू नये.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा आपण सर्वांनी याचा अनुभव घेतला. ज्या बिलिंग प्रोग्रामात कराची आकारणी एका कप्प्यात होती, तेथे तो कप्पा बदलून निभावले. जेथे जुन्या कराचे दर पन्नास ठिकाणी विखुरले होते, तेथे महिनोन्महिने दुरुस्त्या चालल्या आणि एखादी जागा हमखास राहून गेली.

राहून गेलेल्या एका जागेची किंमत किती असू शकते? १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली पेढीने शेअर खरेदी-विक्रीचा नवा प्रोग्राम सुरू केला. आठ यंत्रांपैकी सातांवर तो बसविला गेला. आठव्यावर वापरातून गेलेला जुना भाग तसाच राहिला, आणि नव्या प्रोग्रामने त्या जुन्या भागाचीच खूण पुन्हा वापरली होती. बाजार उघडताच आठवे यंत्र भराभर नको ते सौदे करू लागले. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले आणि ती पेढी पुढे दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. ज्यांनी दोन पिढ्या खपून पेढी उभी केली, त्यांना या पाऊण तासाचा अर्थ अधिक सांगावा लागत नाही.

यंत्र प्रोग्राम लिहिते, मग माणसाचे काय?

आता काकांचा प्रश्न. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज प्रोग्राम लिहून देतात, आणि साधी कामे बऱ्यापैकी करतात, हे खरे आहे. बँकेत व्हाउचर कारकून लिहितो आणि अधिकारी तपासून सही करतो. लिहिणारा कितीही चपळ झाला, तरी सही करणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. लिहून येणारे कागद वाढले की उलट ती वाढते.

आपल्या बिलांच्या प्रश्नावर यंत्राने सर्व संच तपासणारा प्रोग्राम लिहून दिला असे समजा. दहा बिलांवर चाचणी घेतली तर तो क्षणात अचूक उत्तर देईल. प्रत्यक्ष ६० बिले आली की तो थांबेल, आणि का थांबला हे पाहणाऱ्याला कळणार नाही. ताळेबंद जुळला म्हणजे खाती बरोबर असतात असे नाही, हे आपण जाणतो. एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली जाऊ शकते. तसेच चाचणी पार पडली म्हणजे प्रोग्राम निर्दोष ठरत नाही. यंत्राने लिहिलेले पुढच्या वर्षीच्या दसपट धंद्यात टिकेल का, हे आधी ओळखणारा माणूस लागेल. भाषा दर दहा वर्षांनी बदलतात. खर्च मोजण्याची ही दृष्टी जुनी होत नाही.

याचा अर्थ नोकरीची हमी आहे, असा नव्हे. साधा प्रोग्राम लिहिणे एवढेच ज्याला येते, त्याची मागणी घटण्याची भीती अनाठायी नाही. म्हणूनच दोन वर्षे केवळ पदवीच्या कागदासाठी घालविणे हा तोट्याचा सौदा ठरेल.

घरात निर्णय घेताना

आता व्यवहाराच्या गोष्टी. देशात एम.टेक.साठी 'गेट' ही परीक्षा द्यावी लागते. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण असे तिचे स्वरूप असून गुणांकन तीन वर्षे ग्राह्य धरले जाते. संगणकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम हे महत्त्वाचे विषय आहेत. गेटच्या गुणांवर शासकीय संस्थेत पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळण्याची सोय आहे. तेव्हा हे शिक्षण खर्चिकच असते असे समजू नये. बी.कॉम. झालेल्या, पण बारावीला किंवा पदवीला गणित घेतलेल्या विद्यार्थ्यासाठी दोन वर्षांचा एम.सी.ए. हा मार्ग खुला आहे. परदेशातील शिक्षणाचा खर्च मात्र पूर्णतः वेगळ्या पातळीवरचा. तेथे कर्ज काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतर काही महिने हप्ता नसतो, तरी व्याज धरले जातच असते. शक्य असेल तर ते व्याज दरमहा भरीत जावे. मुलाने कमावण्यास सुरुवात करताच त्याच्या डोक्यावर फुगलेली मुद्दल येत नाही.

खर्चात बुडीत उत्पन्नही धरावे. दोन वर्षांचा पगार, किंवा पेढीवर दोन हात कमी, हा खराच खर्च आहे. तो प्रामाणिकपणे मांडून मगच बोलावे. मुलीच्या बाबतीत हा हिशेब वेगळ्या तराजूने मांडू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. 'एवढे शिकून शेवटी...' हे वाक्य मी ज्या घरांत ऐकले, त्या घरांतील मुलाला तो प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोडी. हा अभ्यास गणिताचा आहे, सिद्धतेचा आहे, आणि एका प्रश्नापाशी आठ-आठ दिवस बसण्याचा आहे. दुसऱ्या वर्षी प्रबंधाचे काम एकट्याने रेटावे लागते. ज्याला झटपट फळ हवे, त्याने पेढीवर यावे किंवा नोकरी धरावी. त्यात कमीपणा नाही. ज्याला 'हे असेच का?' हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, त्याला अडवू नये.

गोडी आहे की नाही हे कळण्यास महाग समुपदेशनाची गरज नाही. आपल्या पेढीवरील एखाद्या पार्टीची खरी बिले आणि तिने भरलेली ठोक रक्कम मुलापुढे किंवा मुलीपुढे ठेवावी आणि चार दिवस द्यावेत. उत्तर काढले का, एवढेच पाहू नये. बिले दुप्पट झाली तर काय होईल, आणि दोन वेगवेगळे संच तेवढ्याच रकमेचे निघाले तर कोणता खरा मानावा, हे त्यांनी आपण होऊन विचारले का, ते पाहावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणताही अल्गोरिदम देणार नाही. त्यासाठी पार्टीला फोन करावा लागेल. हे ज्याला आपले आपण सुचले, त्याच्या दोन वर्षांसाठी कर्ज काढण्यास मी बँकेत असतो तरी कचरलो नसतो.